कुष्ठरोगासाठी स्मिअर, बायॉप्सी की पीसीआर?

काकांच्या पाठीवर बधिर चट्टा आहे, स्मिअर निगेटिव्ह आलाय आणि आता लॅबवाला पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) कर म्हणतोय, असं विचारलंयत ना, तर आधी हे की स्मिअर निगेटिव्ह म्हणजे कुष्ठरोग नाही असं अजिबात नाही. स्मिअरसाठी कानाच्या पाळीला आणि चट्ट्याला बारीक चीर देऊन द्रव घेतात आणि झील-नील्सन स्टेन (जंतू दिसावेत म्हणून लावायचा रंग) करून मायक्रोस्कोपखाली जंतू बघतात, दिसले तर जवळपास पक्कंच, पण एकदोनच चट्टे असले तर जंतू इतके कमी असतात की बहुतेकदा निगेटिव्हच येतो.

अशा वेळी मी तरी बायॉप्सीलाच (चट्ट्याच्या कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं) आधी पसंती देईन, कारण त्यात नसेभोवतीची सूज दिसते, जंतू सापडले नाहीत तरी, आणि त्या तुकड्यावर फाइट स्टेन (कुष्ठरोगाचे जंतू दाखवणारा रंग) करायला आवर्जून सांगा. पीसीआर जास्त बारीक पकडतं पण महाग, कमी जंतूवाल्या केसमध्ये तेही चुकतं, शिवाय मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पकडतं म्हणून उपचाराचा गुण कळायला उपयोगाचं नाही. रक्तातली पीजीएल-१ (या जंतूच्या आवरणातला एक घटक) अँटिबॉडी टेस्ट एवढ्यासाठी नको, घरातल्या निरोगी माणसाचीही पॉझिटिव्ह येऊ शकते. कल्चर तर होतच नाही, हॅन्सनने १८७३ मध्ये जंतू शोधला तरी आजपर्यंत लॅबच्या प्लेटवर तो वाढलेला नाही.

आणि खरं सांगू का, चट्ट्यावर स्पर्श नक्की कळत नसेल तर तेवढ्यावरही डॉक्टर निदान करतात, म्हणून काकांना आधी पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या स्किन ओपीडीत दाखवा, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, रिपोर्टची वाट बघत नस खराब होऊ देऊ नका.