दप्तरं राहू दे, पगाराचं बघ

पुणे

अगं,

तुझा प्रस्ताव वाचला. वाकडच्या लेबर कॅम्पातल्या बांधकाम मजुरांच्या मुलांना पाचशे दप्तरं, वह्या, पाण्याच्या बाटल्या आणि शेवटी वाटपाचा कार्यक्रम. हिशेब चोख आहे. तरी परत पाठवतोय. ट्रस्टमध्ये तू नवी आहेस, आत्ताच बोललेलं बरं.

आधी माझी फजिती ऐक. एप्रिल 2020 मध्ये आम्ही काही जण टेम्पो भरून एका साइटवर किराणा घेऊन गेलो. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ. फोटोबिटो झाले. छत्तीसगडची एक बाई पिशवीत डोकावली आणि म्हणाली, "भैया, पकाएँगे किस पे?" पत्र्याच्या खोलीत तिच्याकडे पाच किलोचा छोटा सिलिंडर होता, पण तो भरून देणारं दुकान लॉकडाऊन लागल्यापासून बंद. मागे तिचा नवरा मोबाइल पुढे करून उभा. त्याला रिचार्ज हवा होता, गावाकडे गाडी कधी सुटेल ते कळायला. आमच्या यादीत ना गॅस ना रिचार्ज. कुणी विचारलंच नव्हतं!

दप्तरांचंही तेच होईल. ही मुलं अडतात ती शाळेच्या ऑफिसात. दाखला आणा, जन्माचा पुरावा आणा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या कागदांसाठी प्रवेश नाकारता येत नाही. पण हे हेडमास्तरांना सांगणार कोण? बाप आला तर त्याचा खाडा पडतो, आणि मराठी त्याला धड येत नाही. हेडमास्तरही वाईट नसतात. साइट संपली की मुलं निघून जातात, मग पटाचं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. त्या बापाबरोबर कुणीतरी जाऊन बसायला हवं.

मोठ्यांची गोष्ट तर याहून चीड आणणारी. 1996 च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो. तो पैसा मजुरांच्याच कल्याणासाठी, मुलांची शिष्यवृत्ती वगैरे त्यातूनच. मात्र बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी हवी, आणि नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. ठेकेदार सही द्यायला टाळतो, उद्या जबाबदारी अंगावर येईल म्हणून. रेशनचं म्हणशील तर गावचं कार्ड आता पुण्यातही चालतं. हे किती जणांना ठाऊक आहे, एकदा कॅम्पात विचारून ये.

म्हणजे पैसा आहे, हक्कही आहे. नाही तो हेलपाटे मारणारा कार्यकर्ता. त्याचा पगार आपण 'प्रशासकीय खर्च' या रकान्यात टाकतो आणि बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लावतो. फोटोत दप्तर येतं, ठेकेदाराच्या दारातली चौथी खेप येत नाही.

आणि फक्त एका वर्षापुरतं काही देऊ नकोस. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मदत सगळीकडून गेली, पण भारतीय जैन संघटनेने तिकडची 1,200 मुलं वाघोलीला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. असं काम एका आर्थिक वर्षात बसत नाही.

परदेशी निधीची आशा धरू नकोस. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसरीला देता येत नाही, त्यामुळे साइटवरच्या छोट्या संस्थांपर्यंत तो पोचणं अवघड झालंय. तुमच्यासारख्या इथल्या ट्रस्टचे चार पैसे म्हणूनच मोलाचे.

तू पिंपरी कॅम्पात कपडे घ्यायला जातेस ना? ती फाळणीनंतरची सिंधी निर्वासितांची छावणी. संत साधू वासवानी स्वतः सिंधमधून आलेले; त्यांच्या मिशनने पुढे याच शहरात मुलींचं कॉलेज चालवलं, हॉस्पिटल उभं केलं. घेणारा कायम घेणाराच राहील असं धरून चालू नकोस. वाकडच्या दोन बायकांना तुमच्या निवड समितीत बसव. बैठक मात्र संध्याकाळी सातनंतर ठेव, आणि चहाबरोबर खायलाही काहीतरी असू दे, त्या थेट कामावरून येतील.

नव्या प्रस्तावात पहिल्या ओळीला दोन कार्यकर्त्यांचा तीन वर्षांचा पगार लिही. त्यांचा बसपास आणि झेरॉक्सचा खर्चही धर. ट्रस्टी विचारतील, दप्तरं कुठे गेली? तेव्हा मला फोन जोडून दे.

तुझा,
काका