विलगीकरण नव्हे, आणि मिठीवरून थोडं

प्रश्न असा: एका औषध कंपनीच्या पत्रकाचं मराठी करताना 'अ‍ॅनालिटिकल सेपरेशन सायन्स'ला 'विश्लेषणात्मक विलगीकरणशास्त्र' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. २०२० पासून मराठीत काहीही बाजूला काढलं की त्याचं 'विलगीकरण' होतं. माणसांचं झालं, कचऱ्याचं झालं, आता रेणूंची पाळी. अहो, विलगीकरण म्हणजे एकाला उचलून वेगळ्या खोलीत ठेवणं. इथे मिश्रणातले रेणू तपासण्यासाठी वेगळे करायचे असतात, कोणाला कोंडायचं नसतं. सगळे एकाच वाटेने निघतात आणि आपापल्या वेळी बाहेर पडतात. शिवाय संस्कृतात 'विलग्न' म्हणजे चक्क चिकटलेला! तेव्हा 'पृथक्करण' लिहा. फक्त त्याच्याआधी 'विश्लेषणात्मक' जोडताना जपून. जुन्या मराठीत अ‍ॅनालिसिसलाच पृथक्करण म्हणत, पाण्याचं पृथक्करण, रासायनिक पृथक्करण वगैरे. माझ्या कानाला ती जोडी पिवळ्या पीतांबरासारखी लागते.

पण 'विश्लेषण' निघालंच आहे, तर ते असं सोडवत नाही. धातू श्लिष्, म्हणजे मिठी मारणं. त्यातून आश्लेष, आश्लेषा नक्षत्र, आणि एका शब्दाला दोन अर्थ बिलगले की होतो तो श्लेष. आपल्या छातीतला कफ, श्लेष्मा, तोही याच घरातला. सुश्रुताने 'श्लिष आलिङ्गने' असा धातू देऊनच श्लेष्म्याची व्युत्पत्ती सांगितली आहे. विश्लेष म्हणजे मिठी सुटणं. ग्रीक 'अ‍ॅनालिसिस'मध्येही सोडवणंच आहे, पण तिथे नुसती गाठ सुटते. मिठी फक्त आपल्याकडे.

आणि प्रयोगशाळेत खरोखर चालतं काय? मिठ्याच. नळीत बारीक कणांचा थर, त्यातून द्रावक वाहतोय. जो रेणू कणांना घट्ट बिलगतो तो मागे रेंगाळतो, सैल बिलगणारा पुढे सटकतो. प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) औषधं शुद्ध करताना तर हे नाटक उघड्यावर होतं. कॉलममध्ये, म्हणजे त्या नळीतल्या कणांवर, प्रोटीन ए लावलेलं असतं, मूळचं स्टॅफिलोकोकस जीवाणूच्या भिंतीवरचं. उदासीन पीएचला प्रतिपिंड त्याला कवटाळतो, बाकीचा गाळ धुऊन जातो. मग पीएच साडेतीनच्या आसपास उतरवला की मिठी सुटते आणि माल खाली येतो. (माणसातले आयजीजी-३ या प्रकारचे प्रतिपिंड बहुतेक मिठीच मारत नाहीत. असतात असे.) नंतर त्या मालात एकमेकांना चिकटून झालेले गोळे किती, विद्युतभार बदललेले रेणू किती, हे तपासायला पुन्हा वेगवेगळे कॉलम. गेल्या वीसेक वर्षांत कॉलममधले कण पाच मायक्रॉनवरून दोनच्याही खाली आले, दाब हजार बारवर (हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट) गेला आणि अर्ध्या तासाचं काम काही मिनिटांत उरकू लागलं. मिठ्या तशाच, फक्त झटपट.

या सगळ्या रीतीचं नाव क्रोमॅटोग्राफी. आता परिभाषाकोशवाले म्हणतील, तिला 'वर्णलेखन' आहे की! आहे, आणि त्याने घोळच घातला आहे. मराठीत वर्ण म्हणजे अक्षरही. पोरांना वाटतं सुलेखनाचा तास आहे. शाळेच्या पुस्तकातली 'रंजकद्रव्य पृथक्करण पद्धती' लांबलचक खरी, पण निदान स्केचपेनची काळी शाई गाळणकागदावर फुटून निळी-जांभळी होताना पाहिलेल्या मुलाला ती कळते. प्रतिपिंडाला कुठला आलाय रंग? हे नाव ठेवणाऱ्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेतलाही ते ठाऊक होतं. १९०३ साली वॉर्सात त्याने पानांतली रंगद्रव्यं वेगळी करण्याची ही रीत मांडली, पुढे खडूच्या भुकटीच्या नळीत हिरवे-पिवळे पट्टे पाडले, १९०६ मध्ये नाव दिलं आणि तेव्हाच लिहिलं की ही रीत रंगहीन पदार्थांनाही लागू पडते. मग 'क्रोमा', म्हणजे ग्रीकमधला रंग, कशाला? रशियनमध्ये त्स्वेत म्हणजेच रंग. गड्याने शास्त्राच्या नावात स्वतःची सही ठोकून दिली, असा माझा पक्का संशय आहे. आमच्या कोशकारांनी त्या सहीचं इमानाने भाषांतर केलं! 'आश्लेषमापन' का नको, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

कॉलममधून काय कधी बाहेर पडलं याचा आलेख निघतो, आणि प्रत्येक पदार्थाचं त्यावर एक शिखर उठतं. एखादा रेणू मिठी सोडताना रेंगाळला की त्या शिखराला शेपूट फुटतं. कॉलममधले कण सिलिकाचे असले, की त्यांच्यावरच्या मोकळ्या सिलॅनॉल (सिलिकॉन-हायड्रॉक्सिल) गटांना अल्कधर्मी रेणू असे चिकटून राहतात. शिखर म्हणतो मी. प्रयोगशाळेतली मुलं 'पीक' म्हणतात. 'सात मिनिटांना पीक आलं, पण टेलिंग (म्हणजे ते शेपूट) आहे.' बघा, 'आलं'! इंग्रजी शब्द, पण लिंग शेतातल्या पिकाचं. याला म्हणतात श्लेष.

हां, तुमचं पत्रक. 'पृथक्करणशास्त्र' एवढंच लिहा. 'विश्लेषणात्मक'वाचून अडलंच, तर 'तपासणीसाठीचं पृथक्करण' म्हणा.