स्क्रिप्टने लॉगिनची माहिती मिळवण्याची पद्धत बदलत असताना कोड रिव्ह्यूमध्ये (सहकाऱ्याने केलेला बदल तपासताना) काय पाहावे?

एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या कायमस्वरूपी की (पासवर्डसारखी गुप्त अक्षरे) फाइलमधून वाचणाऱ्या आपल्या पायथन स्क्रिप्ट यापुढे सिंगल साइन-ऑनमधून, म्हणजे कंपनीच्या एकाच लॉगिनमधून, अल्पमुदतीचे टोकन (तात्पुरता प्रवेश-संकेत) घेणार आहेत. हा बदल योग्यच आहे, परंतु केवळ कोड वाचून मंजुरी देऊ नये.

सर्वांत आधी शोधक्रम, म्हणजे लॉगिनची माहिती कोणत्या जागी आधी शोधली जाते, ते पाहावे. प्रोफाइल (लॉगिनच्या सेटिंगचा नाव दिलेला संच) कोडमध्ये स्पष्ट दिले नसेल, तर बोटो३ ही पायथनमधून एडब्ल्यूएस वापरण्याची लायब्ररी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधील (शेलमध्ये, म्हणजे कमांड देण्याच्या खिडकीत, साठवलेल्या मूल्यांमधील) की प्रोफाइलच्या आधी वापरते. त्यामुळे एखाद्याच्या शेलमध्ये जुनी की राहिली असेल, तर नवा मार्ग कधी वापरलाच जात नाही आणि स्क्रिप्ट मात्र बिनतक्रार चालते. इंदूरला आमच्या टीममध्ये हे लक्षात आले, ते एका सहकाऱ्याने तीच स्क्रिप्ट नव्या लॅपटॉपवर चालवली तेव्हा. तेव्हापासून मी असा बदल कोऱ्या शेलमध्ये, एकदा लॉगिन करून आणि एकदा न करता, स्वतः चालवून पाहतो. लॉगिन नसेल तर स्क्रिप्टने गुपचूप जुन्या फाइलकडे न वळता स्पष्ट संदेश देऊन थांबले पाहिजे, आणि माझ्या मते या बाबतीत तडजोड करू नये.

टोकन कमांडच्या आर्ग्युमेंटमधून, म्हणजे कमांडसोबतच टाइप करून, दिले जात असेल, तर तो भाग परत पाठवावा, कारण त्याच मशीनवरील इतरांना ते प्रोसेसच्या यादीत दिसू शकते.

जुनी की फाइल कधी गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) गेली असेल, तर ती पुसल्याने गिटच्या इतिहासातील की नाहीशी होत नाही. ती की आयएएममध्ये (एडब्ल्यूएसच्या वापरकर्ते व परवानग्या सांभाळणाऱ्या भागात) आधी निष्क्रिय करावी आणि कोणाचे काम अडत नाही असे दिसल्यावर कायमची काढून टाकावी.