फोनवर सांगितलेला केमोचा डोस नर्सने द्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे, की संध्याकाळी डॉक्टर बाहेर असतात, फोनवर केमो सांगतात, 'सही उद्या करतो' म्हणतात. अशा वेळी सिस्टरने काय करावं?

द्यायचा नाही. सोलापुरात केमो डे-केअरला अकरा वर्षं काढली, त्यावरून सांगते. फोनवर 'थांबवा' किंवा 'आज देऊ नका' एवढंच घ्यायचं. केमो चालू असताना रिअ‍ॅक्शन आली तर तेव्हाच्या अ‍ॅड्रेनालिन, हायड्रोकॉर्टिसोन या रिअ‍ॅक्शनवरच्या औषधांची ऑर्डरही फोनवर घ्यायची, पण ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं आणि लगेच लिहायचं. नवीन केमो किंवा डोस बदलणं फोनवर नाहीच.

एकदा आमचे डॉक्टर पुण्याहून रेल्वेने परतत होते. कुर्डुवाडीच्या आसपास रेंज तुटत होती. मला ऐकू आलं ते '...प्लाटिन, फोर फिफ्टी'. नावाची सुरुवात ऐकूच आली नाही, आणि शेपूट तर दोन्ही औषधांचं सारखंच! कार्बोप्लाटिन 450 मिलिग्रॅम नेहमीचा डोस आहे, पण सिस्प्लाटिन 450 दिलं तर माणूस जातो. त्याचा डोस साधारण शंभराच्या आसपास असतो. मला हे माहीत होतं म्हणून खटकलं. पण त्या दिवशी वॉर्डातून बदलीवर आलेली मुलगी फोनवर असती तर?

खरा दबाव डॉक्टरांचा नसतोच हो. पेशंट अक्कलकोटचे होते, मुलगा डोक्यावर उभा, "ओ सिस्टर, शेवटची यष्टी जाईल की." दया येते आणि तिथेच हात सैल पडतो. मी त्याला सरळ सांगितलं, आज नाही, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. बराच बोलला तो. बोलू दिलं.

डॉक्टरही फोनवर वैतागले होते. सकाळी येऊन केस पेपर घेऊन बसले, वजन आणि रिपोर्ट समोर ठेवले. कार्बोप्लाटिनचा डोस किडनीच्या कामावरून काढतात, आणि नवीन रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) वाढलेलं होतं. कागदावर आकडा आला 400. दोघी सिस्टरनी वेगवेगळा हिशेब करून ताडून पाहिला, मग लावलं.

तुम्ही नवीन असाल तर नकार देताना वाद घालू नका. "सर, औषध तयार करायला फार्मसी सहीशिवाय घेत नाही" एवढंच म्हणा. आणि तुमच्याकडे फार्मसी खरंच घेत असेल, तर आधी इन्चार्ज सिस्टरना गाठा.