“मॅडम, माझी शाखाच चुकली”

सेमिस्टर अर्ध्यावर येतं, पहिल्या चाचण्यांचे गुण लागतात आणि एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत माझ्यापर्यंत यायला लागतं : “मॅडम, माझी शाखाच चुकली.” कुणी ते डोळे भरून सांगतं, कुणी हसण्यावारी नेत, तर कुणी एक अक्षरही न बोलता भरलेला फॉर्म पुढे सरकवतं. विद्यापीठात पदवीच्या मुलामुलींना विषयनिवडीपासून अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत सल्ला देणं हे माझं काम. हा प्रश्न मुलांकडून येतो, तसा हल्ली पालकांकडूनही येतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे, एका मुलीच्या अनुभवातून. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे मोजक्या संवादांत आलं आहे.

ती भौतिकशास्त्राची, दुसऱ्या वर्षाची. पहिल्या वर्षी गुण चांगले होते. माझ्याकडे आली तेव्हा इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, म्हणजे वीज आणि चुंबकत्वाचा विषय, सोडण्याचा फॉर्म तयारच होता, फक्त माझी सही हवी होती.

“इलेक्ट्रोमॅग्नेटिझम सोडायचाय. आणि पुढच्या सेमिस्टरला शाखाच बदलून घेते.”

“कुठली घेणार?”

“कुठलीही चालेल. गणित कमी असेल अशी.”

“कुठलीही” असं उत्तर आलं की मी सही करायची थांबते. इथून निघायचं हे पक्कं झालेलं असतं, जायचं कुठे ते ठरलेलंच नसतं. तिचा अर्ज नियमात बसत होता, दोन मिनिटांत काम झालं असतं आणि तीही आभार मानून गेली असती.

माझी विचारसरणी इथे सांगायला हवी, कारण मी तिच्याशी जशी वागले ते त्यातूनच आलं. टेरी ओबॅनियन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९७२ साली शैक्षणिक सल्ल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. आयुष्यात काय हवं आहे, कोणत्या कामाकडे जायचं आहे, त्यासाठी कोणता अभ्यासक्रम, त्या अभ्यासक्रमातले कोणते विषय आणि सगळ्यात शेवटी वेळापत्रक. विद्यार्थी येतो तो बहुतेक वेळा पाचव्या पायरीवरून. त्याच्या हातात फॉर्म असतो, खरा प्रश्न मात्र वर कुठेतरी अडकलेला असतो. त्याच वर्षी बर्न्स क्रुकस्टन या दुसऱ्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी म्हटलं की सल्ला देणं हेही शिकवणंच आहे. सल्लागाराने उत्तर द्यायचं आणि विद्यार्थ्याने ते मुकाट पाळायचं ही पद्धत त्यांना अपुरी वाटत होती. दोघांनी मिळून शोधावं, जबाबदारीही वाटून घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. मी याच मताची आहे. इतकी वर्षं मुलांसमोर बसून ते अधिकच पटत गेलं आहे.

फक्त एक गोष्ट मी माझ्या पद्धतीने करते. घाबरून आलेल्या मुलीला पहिल्याच भेटीत “तुला आयुष्यात काय हवंय?” असं विचारलं तर ती आणखी घाबरते. म्हणून मी खालच्या पायरीवरूनच सुरू करते, कागद आणि आकडे समोर ठेवून.

“तुला नेमकी कशाची भीती वाटतेय?”

“या विषयात नापास झाले तर सगळं संपलं.”

“सगळं म्हणजे किती? काढून बघू या.”

कॅल्क्युलेटर तिच्याच हातात दिला. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, सरासरी त्यावरच निघते. आतापर्यंत तिचे ४० क्रेडिट झाले होते, सरासरी दहापैकी ७.५. या सेमिस्टरला २० क्रेडिट, त्यातले ४ इलेक्ट्रोमॅग्नेटिझमचे. बाकीच्या १६ क्रेडिटना सरासरी ७ धरली. या विषयात शून्य मिळालं तर एकूण सरासरी ६.८७ होत होती. कशीबशी पास होऊन दहापैकी ४ गुण मिळवले तर ७.१३. मुदतीत विषय सोडला तर ते ४ क्रेडिट हिशेबातच येत नव्हते आणि सरासरी राहत होती ७.३६. तिने तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. ६.८७ वर बराच वेळ बोट ठेवून बसली.

“एवढंच?” तिने विचारलं.

नापास होणं किरकोळ आहे, असं मला सुचवायचं नव्हतं. पण ज्याला ती “सगळं” म्हणत होती त्याला आता एक आकार आला होता. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, हे इथे आवर्जून सांगते. सोडलेला विषय बहुतेक ठिकाणी सरासरीत धरत नाहीत, गुणपत्रकावर मात्र त्याची नोंद राहते. पुन्हा देऊन पास झाल्यावर जुना गुण जातो की दोन्ही राहतात, हेही ठिकठिकाणी वेगळं. आणि विषय सोडल्यामुळे क्रेडिट ठरावीक किमान मर्यादेच्या खाली गेले तर शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहावरचा हक्क अडचणीत येऊ शकतो. मैत्रिणीने सांगितलं म्हणून त्यावर विसंबून राहू नका. आपल्या विद्यापीठाची नियमावली स्वतः उघडून वाचा.

त्या दिवशी सही झाली नाही. पुढच्या भेटीला येताना वही घेऊन यायला सांगितलं.

“अडलं कुठे?”

“सुरुवातीपासूनच काही कळत नाही.”

“सुरुवातीपासून म्हणजे कितव्या आठवड्यापासून?”

असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने वही उघडली. पहिल्या दोन आठवड्यांची पानं सुरेख होती, आकृत्या, बाण, समासात तिचे स्वतःचे प्रश्न. तिसऱ्या आठवड्यात विजेविषयीचा गाउसचा नियम डायव्हर्जन्स या गणिती क्रियेच्या रूपात आला होता. तो उलटा त्रिकोण, त्यापुढे टिंब. त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, “हे काय?” त्यानंतरच्या पानांवर समासात एकही प्रश्न नव्हता. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेतलेलं.

मी इलेक्ट्रोमॅग्नेटिझमची आणि त्याला लागणाऱ्या गणिताच्या विषयाची, व्हेक्टर कॅल्क्युलसची, आठवडावार योजना काढली. हा गणिताचा विषयही ती याच सेमिस्टरला करत होती. खरं तर तो आधीच्या सेमिस्टरला करायचा असतो, पण तेव्हा त्याची वेळ तिच्या प्रयोगशाळेच्या वेळेवर आल्याने तिने तो पुढे ढकलला होता आणि दोन्ही विषय एकाच वेळी करण्याची रीतसर परवानगीही मिळवली होती. कागदोपत्री काहीच चुकलेलं नव्हतं. दोन्ही योजना तिच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि मी गप्प बसले. हे गप्प बसणं माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. उत्तर आपल्याला दिसत असतं, जिभेवर आलेलं असतं. पण ते आपण बोललो की ते आपलं होतं, तिचं राहत नाही.

तिचं बोट एका कागदावर तिसऱ्या आठवड्यावर थांबलं, दुसऱ्या कागदावर खाली सरकत नवव्या आठवड्याशी गेलं. डायव्हर्जन्स तिथे होतं. स्टोक्सचा सिद्धांत त्याच्याही खाली.

“म्हणजे मला जे अजून शिकवलंच नाही, तेच मला येत नव्हतं?”

“तुला काय वाटतं?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, मी दोन महिने स्वतःला मठ्ठ समजत होते.”

हे वाक्य मी थोड्याफार फरकाने अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. अडचण विषयांच्या क्रमात असते आणि मुलं ती स्वतःच्या कुवतीच्या खात्यावर मांडतात. तसं होणं स्वाभाविकही आहे. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत विषयांची यादी असते. कोणता विषय कशावर उभा आहे आणि एक हलवला तर पुढचे कोणते अडतात, हे त्या यादीतून सहज दिसत नाही. ज्यांच्या घरात आधी कुणी विद्यापीठात गेलेलं असतं त्यांना या न लिहिलेल्या गोष्टी बोलता बोलता कळतात. ज्यांच्या घरातून विद्यापीठात जाणारं हे पहिलंच मूल असतं, ते हा सगळा भार “मला जमत नाही” या तीन शब्दांत घालून एकटं वाहत असतं. शैक्षणिक सल्लागाराची गरज सगळ्यात जास्त इथे असते, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर मी सही केली. तिने इलेक्ट्रोमॅग्नेटिझम मुदतीत सोडला, व्हेक्टर कॅल्क्युलस ठेवला. फॉर्म पहिल्या दिवशीचाच होता, पण आता परिणाम तिला माहीत होते. तो विषय वर्षातून एकदाच शिकवला जात होता आणि पुढचे दोन विषय त्यावर अवलंबून होते. म्हणजे पदवी एका सेमिस्टरने लांबण्याची शक्यता होती. उरलेल्या सेमिस्टरांचा आराखडा तिने स्वतः आखला. मी फक्त विचारत गेले, “हा इथे ठेवलास तर त्याच्या आधीचा कुठे?”

“घरी काय सांगू?” हा प्रश्न अर्थातच आला.

“काय सांगायला जड जातंय?”

“मी सोडला, हे.”

“मग हा आराखडा दाखव. त्यात सोडलेला विषय पुन्हा कधी घेणार तेही लिहिलंय ना?”

तिने दाखवला. वडिलांनी एकच विचारलं, सहा महिने जास्त लागले तर खर्च किती वाढेल. त्याचाही हिशेब ती करून गेली होती.

शाखेचा प्रश्न आम्ही नंतर घेतला, घाई ओसरल्यावर. “दीड वर्षात असं कोणतं काम होतं ज्यात तुला वेळेचं भान राहिलं नाही?” तिने एका प्रकल्पाचं नाव घेतलं. मोकळ्या मैदानात ठिकठिकाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी करून नकाशा काढायचा होता. एका कोपऱ्यात आकडे विचित्र येत होते, म्हणून ती तिथे दोनदा पुन्हा गेली होती. शेवटी जमिनीखाली लोखंडी नळ निघाला. हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. मी तिला भूभौतिकशास्त्राचा एक ऐच्छिक विषय घेऊन बघायला सुचवलं. एकच विषय, शाखाबदल नाही.

पुढच्या वर्षी इलेक्ट्रोमॅग्नेटिझममध्ये तिला चांगले गुण मिळाले. आणि त्यानंतर तिने शाखा बदललीच, भूभौतिकशास्त्र घेतलं. बदलाचा अर्ज घेऊन आली तेव्हा मी आठवण करून दिली, “इथेही गणित भरपूर आहे हं.” ती म्हणाली, “आहे ना. चुंबकीय मोजणीत तर तेच डायव्हर्जन्स, तेच कर्ल.” तो अर्ज मी फार समाधानाने सही करून दिला. “कुठलीही” म्हणत आलेल्या मुलीच्या अर्जावर आता एका शाखेचं नाव होतं आणि ते का, हे तिला सांगता येत होतं.

आता ज्यांना स्वतःविषयी हाच प्रश्न पडला आहे त्यांच्यासाठी. सगळ्यात आधी बघा, त्रास एका विषयात आहे की सगळ्यात. एकाच विषयात असेल तर वही मागे मागे उलटत जा आणि समजणं कोणत्या पानावर थांबलं ते शोधा. तिथे आलेली कल्पना कोणत्या आधीच्या विषयातली आहे, ते शिक्षकांना विचारा. “मला काहीच कळत नाही” यापेक्षा “या पानापासून कळत नाही” असं म्हणून गेलात तर शिक्षकही वेगळ्या तऱ्हेने मदत करतात.

त्रास सगळ्या विषयांत एकदम सुरू झाला असेल, झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, कुणाला भेटावंसं वाटत नसेल, तर प्रश्न शाखेचा असेलच असं नाही. अशा वेळी मी विषयांचं बोलणं बाजूला ठेवते आणि मानसिक आरोग्याच्या समुपदेशकांकडे त्या विद्यार्थ्याला घेऊन जाते, नुसता फोन नंबर देऊन पाठवत नाही. शाखा बदलण्यासारखे मोठे निर्णय त्या काळात घेऊ नयेत.

शाखा खरोखर चुकलेली असते, हेही होतं. मग ती बदलायला अजिबात बिचकू नका. माझ्या अनुभवात त्याची खूण कमी गुण ही नसते. गुण बरे असतात, तरी विषयाबद्दल एकही प्रश्न मनात येत नाही, आणि दुसरीकडे एखाद्या विषयाचं पुस्तक कुणी न सांगता वाचलं जातं. बदलण्याआधी त्या शाखेतला एक विषय घेऊन बघा आणि आधीचे क्रेडिट तिथे कशात धरले जातील ते लेखी विचारून घ्या.

सल्लागाराकडे येताना गुणपत्रक, विषयांची योजना आणि अडलेल्या विषयाची वही सोबत आणा. “काय घेऊ?” असं विचारलंत तर तुम्हाला माझी आवड कळेल. “हे घेतलं तर पुढे काय अडेल?” असं विचारलंत तर तुमचा मार्ग दिसेल. विषय सोडण्याची शेवटची तारीख आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. निकालानंतर आलेल्यांसाठीही मी बसतेच, पण तोवर माझ्याकडचे निम्मे पर्याय संपलेले असतात. पालकांना सांगणं एवढंच, की मुलाऐवजी तुम्ही भेटीला येऊ नका. घरी आल्यावर त्याने आखलेला आराखडा मागून बघा आणि त्यावर प्रश्न विचारा.

आणि दाराशी गेल्यावर मागे वळून हळूच विचारला जाणारा तो प्रश्न, “मॅडम, मी इथे आले होते हे गुणपत्रकावर येतं का?” नाही येत.