सातवीपर्यंत गावात, आठवीला हायस्कूल : पालकांचे प्रश्न

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलगा सातवीपर्यंत पहिल्या तिनात असायचा. आता तालुक्याच्या हायस्कूलला आठवीत आहे. वह्या अपुऱ्या असतात, गणिताच्या घटक चाचणीत २० पैकी ६ मिळाले. विचारलं की चिडतो. ट्यूशन लावावी का?

उत्तर : इतक्यात नको. आधी त्याची वही उघडून बघा. पहिल्या चार ओळी नीट अक्षरात आणि पाचवी मध्येच सुटलेली दिसली, तर डोकं चालतंय, हात पुरत नाहीये. गावात गुरुजी पोरांसाठी थांबायचे. इथे घंटा झाली की फळा पुसला जातो आणि दुसरे सर वर्गात येतात. साठ पोरांत नाव लक्षात राहायला दिवाळी उजाडते. गावात हुशार म्हणून ओळखला जाणारा मुलगा इथे कुणाच्या खिजगणतीत नसतो. त्याची चिडचिड मला तिथून आलेली वाटते.

म्हणून वर्गशिक्षकांना भेटा, पालकसभेची वाट न बघता. ‘जरा लक्ष द्या’ एवढंच म्हणून परत येऊ नका. ‘तो विचारायला लाजतो, महिनाभर पुढच्या बाकावर बसवाल का?’ असं नेमकं मागा. शाळेतल्या एका तरी मोठ्या माणसाला तो नावानिशी माहीत असायला हवा. वर्गात कच्च्या वहीत भराभर उतरवून घ्यायचं आणि पक्की वही घरी लिहायची, ही सवय लावा. आठवीचं गणित पहिल्याच धड्यात परिमेय-अपरिमेय संख्यांवर जातं. अपूर्णांक कच्चे असतील तर तिथेच गाडी अडते. एखाद्या रविवारी जुन्या गुरुजींकडे पाठवा. ते तासाभरात नेमकं दुखणं सांगतील, आणि पोरालाही आपलं माणूस भेटेल. दिवाळीनंतरही गणित अडलं, तर ट्यूशनचं बघू.

प्रश्न : मुलगी यंदा आठवीला एसटीने जाते. सकाळी पाणी पीत नाही, डबा तसाच परत आणते. पोट दुखतं म्हणून अधूनमधून घरी राहते. अभ्यासाची भीती असेल का?

उत्तर : ताई, अभ्यासाचं नंतर विचारा, आधी शाळेतल्या स्वच्छतागृहाचं विचारा. कडी लागते का, पाणी असतं का, वाटेत मोठ्या मुलांचा घोळका उभा असतो का? लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली फार आहेत. त्यातून जळजळ होते, पोट दुखतं. त्रास चालूच असेल तर डॉक्टरांना दाखवा. दप्तरात पॅड आणि जादा निकर ठेवा. पाळी अचानक आली तर कोणत्या मॅडमकडे जायचं, ते त्या मॅडमला भेटून आत्ताच ठरवा. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हा शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांतला भाग आहे. सोय नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, चार आया मिळून जा. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथे हा विषय जरूर काढा. एसटीचे पैसे भरत असाल तर आगारात अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासची चौकशी करा.

प्रश्न : जुन्या शाळेचा दाखला मिळालेला नाही, म्हणून हायस्कूल मुलाचा आठवीचा प्रवेश अडवतंय.

उत्तर : तसं अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ याचसाठी आहे. गावच्या शाळेत आठवीची सोय नसेल, तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच दिला पाहिजे. दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.