खुनी कोण, हे अध्यक्षांनी सांगू नये

प्रश्न : आमच्या वाचनालयात रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकांची भेट ठरवतोय. साठेक श्रोते येतील, पण पुस्तक निम्म्यांनीच वाचलेलं असेल. रहस्य न फुटता दीड तास गप्पा कशा रंगवायच्या?
– एक ग्रंथपाल, जुळे सोलापूर

उत्तर : रहस्य श्रोत्यांपेक्षा व्यासपीठावरूनच जास्त फुटतं. अध्यक्ष आदल्या रात्री पुस्तक चाळतात, शेवटचं प्रकरण तेवढं नीट वाचतात आणि कौतुकाच्या भरात नेमकं तेच सांगून बसतात. म्हणून अध्यक्षीय भाषण ठेवूच नका. परिचय तुम्हीच करा, ३ मिनिटांत, लिहून काढून.

मुलाखतकाराने पुस्तक दोनदा वाचलेलं हवं : एकदा वाचक म्हणून, दुसऱ्यांदा दुवे कुठे पेरलेत तिथे पेन्सिलीने खुणा करत. मग लेखकांना फोन करून एक पान ठरवायचं. त्यापुढचं कुणीच बोलायचं नाही. साधारण पहिला एक तृतीयांश भाग मोकळा ठेवता येतो.

अभिवाचनाचा उताराही त्यातलाच. मोठ्याने वाचताना मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात, त्यामुळे ८ मिनिटांना ९०० शब्द पुरे. प्रेत सापडतं तो प्रसंग सगळेच निवडतात. त्यापेक्षा एखाद्या साक्षीदाराचा जबाब घ्या. संवाद कानाला सोपा जातो आणि कोण थापा मारतंय ते श्रोते आपणहून शोधू लागतात.

प्रश्नांसाठी माईक फिरवू नका, कारण ‘त्या डॉक्टरनेच का मारलं?’ हा प्रश्नच उत्तर फोडतो. दोन रंगांच्या चिठ्ठ्या वाटा : पुस्तक न वाचलेल्यांना पांढऱ्या, वाचलेल्यांना पिवळ्या. पांढऱ्या आधी, मग १० मिनिटं चहा, आणि पिवळ्या चहानंतर. ज्यांना शेवट ऐकायचा नाही ते चहा घेऊन निघतात, कुणाला उठून जाताना अवघडायला होत नाही. मोबाईलवरचं चित्रीकरण चहापर्यंतच, तेही लेखकांना विचारून. नाहीतर रात्री खुनी व्हॉट्सॲपवर.

प्रश्न : विक्रीसाठी प्रती किती मागवाव्यात?

उत्तर : ६० श्रोत्यांना २५. न विकलेल्या परत घेण्याच्या बोलीवर मागवा आणि ती बोली लेखी घ्या. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे बिल साधं असतं. वाचनालयाच्या ४-५ प्रती मात्र महिनाभर आधी फिरू द्या, ७ दिवसांच्या मुदतीने. स्वाक्षरीच्या रांगेत प्रत्येकाच्या हाती नावाची चिठ्ठी द्या. ‘वृषाली’ की ‘रुशाली’ यावर रांग अडते. गुळगुळीत कागदावर जेल पेन फासतं, बॉलपेन ठेवा.

प्रश्न : सोबत निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना बोलवावं का?

उत्तर : जरूर. पंचनामा आणि जबाब प्रत्यक्षात कसे होतात, हे ऐकायला लोक कान टवकारतात. एक वाद हमखास निघतो : खुनाला कलम ३०२ की १०३? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यात १०३. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहितेतलं ३०२च. तेव्हा २०१९ सालच्या कथेत ३०२ असेल तर लेखक चुकलेले नाहीत. हे मुलाखतकाराला आधीच सांगून ठेवा.

गावातल्या चालू खटल्यावरची चिठ्ठी मात्र सरळ बाजूला काढा. नातेवाईक श्रोत्यांत बसलेले असू शकतात. आणि बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच आहे, मग ते सभागृहात का असेना.

प्रश्न : तारीख कोणती धरावी?

उत्तर : रविवार. जानेवारीच्या मध्यावर गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा होम मैदानाच्या आसपास वाहन लावायलाही जागा मिळत नाही. एप्रिल-मे टाळलेलेच बरे. टाळता येत नसतील तर साडेसहाच्या आधी सुरू करू नका. माईकजवळचा पंखा बंद ठेवा, आवाजात घरघर येते. ध्वनिक्षेपक माईकच्या मागे ठेवला तर शिट्टी वाजते. तो पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवा.

लेखक पुण्याचे असतील तर शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघून रात्री पोचतात आणि सोमवारी सकाळी तिनेच परततात. वेळा तेवढ्या तपासून घ्या. सत्काराला सोलापुरी चादर शोभते खरी, पण एका पिशवीनिशी आलेल्या माणसाला ती जड होते. टॉवेल आणि शेंगाचटणी द्या. चटणीचं पाकीट पुस्तकांपासून लांब ठेवा, तेल सुटतं.